ऑनलाइन मागवलेलं ‘हेअरलूम’ टोमॅटोचं बियाणं खरं आहे का? पाकिटापासून फळापर्यंतची पडताळणी

ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, सान मार्झानो, ग्रीन झेब्रा आणि मंडईतला साधा लाल टोमॅटो, अशा पाचांच्या बिया एका ताटलीत मिसळल्या तर त्या नुसत्या नजरेने परत वेगळ्या करणं कुणालाही जमणार नाही. टोमॅटोच्या बियाण्यात फसवणूक आणि चूक दोन्ही एवढ्या सहज खपतात, त्याचं कारण हेच. बी पेरल्यापासून फळ पिकेपर्यंत साडेतीन-चार महिने जातात, तोवर वस्तू परत करण्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणून फळाची वाट बघत बसायचं नाही. रोप वाढताना दर टप्प्यावर काही ना काही सांगत असतं. ते वाचायला शिकलं तर बरीचशी खोटी नावं फूल येण्याआधीच उघडी पडतात.

एक गोष्ट आधीच पक्की करा. एका रोपावरून बियाण्याबद्दल काहीही ठरत नाही. एका पाकिटातली किमान सहा रोपं लावा. सहाही चुकीची निघाली, सहा सहा तऱ्हेची निघाली की सहांतलं एकच वेगळं निघालं, यावरून चूक कुठे झाली ते कळतं.

ऑर्डर देण्याआधी

हेअरलूम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेलं, नाव आणि वंशावळ माहीत असलेलं सरळ वाण. त्याचं बी पेरलं की आईसारखंच झाड येतं. आपल्या बियाणे कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही, त्यामुळे पाकिटावर तो कुणीही छापू शकतो. ‘देशी’ आणि ‘गावरान’ या शब्दांचंही तेच.

प्रत्येक सरळ वाण हेअरलूम नसतं. ग्रीन झेब्रा हे अमेरिकेतल्या टॉम वॅग्नर यांनी संकरातून निवड करत तयार केलेलं आणि १९८३ साली बाजारात आणलेलं वाण आहे. त्याचं बी राखता येतं, वाण उत्तम आहे, पण ‘शंभर वर्षांपूर्वीचा पारंपरिक टोमॅटो’ असं कुणी लिहिलं असेल तर तो विक्रेता माहिती न घेता विकतो आहे. आपल्याकडचं उदाहरण अर्का रक्षकचं. बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचा हा एफ-१ संकर, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातली पहिली पिढी आहे. त्याला ‘देशी’ म्हणणं सरळ चूक आहे आणि त्याच्या फळांतलं बी धरून विकलं तर पुढची झाडं एकसारखी येणार नाहीत. ‘एफ-१’ आणि ‘हेअरलूम’ हे दोन शब्द एकाच पाकिटावर असतील तर पुढे काही तपासायची गरज नाही, ते घेऊ नका.

मग फोटो बघा. गडद निळे टोमॅटो, एका घोसात सात रंग, सफरचंदाएवढे काळेकुट्ट चकचकीत गोळे: ही रंगवलेली चित्रं असतात. खरा ‘निळा’ टोमॅटो कसा असतो ते इंडिगो रोजवरून समजून घ्या. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने हे वाण २०१२ मध्ये आणलं. त्याचा जांभळा-काळा रंग फक्त सालीत असतो आणि तोही ऊन लागतं तेवढ्याच भागावर. देठाच्या टोपीखाली, पानाच्या सावलीत साल तशी होत नाही. कापल्यावर आत गर लालच. आतपर्यंत जांभळा असलेला जो टोमॅटो अमेरिकेत २०२४ पासून घरगुती बागायतदारांना मिळू लागला, तो जनुकांत बदल करून तयार केलेला आहे. भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही. तेव्हा ‘आतून-बाहेरून जांभळा, नैसर्गिक, हेअरलूम’ अशी जाहिरात दिसली तर दोनपैकी एक बाब खोटी आहे.

नाव नसलेलं पाकीट घेऊ नका. ‘ब्लॅक टोमॅटो’, ‘जायंट टोमॅटो’, ‘हेअरलूम मिक्स’ ही वाणांची नावं नव्हेत. नावच नसेल तर चुकीचं निघालं असं म्हणायला आधार राहत नाही.

विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारा: पान साधं की बटाट्यासारखं? झाड झुडपी की अमर्याद वाढणारं? पुनर्लागवडीपासून पहिलं फळ किती दिवसांत? बी कोणत्या हंगामात धरलं? स्वतः पीक घेऊन बी धरणारा माणूस या चारांची उत्तरं दोन ओळींत देतो. नुसतं पाकीटबंद करून विकणारा ‘हाय क्वालिटी सीड्स, १०० टक्के जर्मिनेशन’ असं काहीतरी पाठवतो. टोमॅटोसाठी बियाणे मानकांतली किमान उगवण ७० टक्के आणि भौतिक शुद्धता ९८ टक्के आहे. शंभर टक्के उगवण कुणीही प्रामाणिकपणे लिहून देत नाही.

आणखी एक. अमेरिकेहून किंवा युरोपातून येणाऱ्या नातेवाइकांना पाकिटं आणायला सांगण्याची पद्धत आपल्याकडे आहे. परदेशी बियाणं आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम कागदी नाही. टोमॅटोचे काही विषाणू आणि जिवाणूजन्य रोग बियांवरूनच प्रवास करतात, आणि गच्चीवरच्या एका कुंडीतून तो रोग शेजारच्या तालुक्यातल्या शेतापर्यंत जाऊ शकतो.

पार्सल आल्यावर

पाकीट फोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता हे सगळं वाचता येईल असं. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या, म्हणजे ‘ट्रुथफुल’ बियाण्याचं लेबल फिकट हिरवं असतं, प्रमाणित बियाण्याचं निळं. ऑनलाइन हेअरलूमच्या पाकिटांवर बहुधा यातलं काहीच नसतं, नुसती झिप-पिशवी आणि स्टिकर असतो. तो स्टिकरही जपून ठेवा.

पांढऱ्या कागदावर बी ओता आणि मोजा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० ते ३५० बिया बसतात. बी चपटं, बदामी-करडं, तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि अंगावर बारीक मखमली लव असते. लव घासून काढलेलं बी गुळगुळीत दिसतं, त्यात वावगं नाही. गुलाबी किंवा निळं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकलं असेल तर ती स्वतंत्र तक्रार. बी लव नसलेलं, पिवळसर, मोठं आणि कडेला जाड असेल तर ते मिरचीचं. बारीक, गुळगुळीत, पिवळट-तपकिरी असेल तर वांग्याचं असण्याची शक्यता जास्त. वाण कळत नसलं तरी पीक इथेच कळतं.

सगळं बी कधीही पेरू नका. निम्मं मूळ पाकिटात, लेबलसकट, हवाबंद डब्यात ठेवा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा. शक्य असेल तर दोन पाकिटं घ्या आणि एक न फोडता ठेवा.

पेरणी: स्वतःची चूक आधी बाजूला काढा

‘बियाणं चुकीचं निघालं’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ घरच्याच खतात असतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये मंडईतल्या टोमॅटोच्या बिया महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ते खत कुंडीत घातलं की आपण पेरलेल्या चेरोकी पर्पलच्या शेजारी, कधी नेमकं त्याच जागी, बाजारातल्या संकराचं रोप उगवतं. दिसायला दोन्ही सारखी. आपण चुकीचं रोप जपतो, बरोबर रोप विरळणीत उपटतो आणि चार महिन्यांनी विक्रेत्याला दोष देतो.

म्हणून रोपं ट्रेमध्ये, फक्त धुतलेल्या कोकोपीटमध्ये करा. एका कप्प्यात एकच बी, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, बरोबर मध्यभागी. कडेला उगवलेलं रोप संशयित समजा. २५ ते ३० अंश तापमानात टोमॅटो पाच ते आठ दिवसांत उगवतो. चौदा दिवसांनी मोजणी बंद करा: दहा बियांतून सात रोपं म्हणजे ठीक, तीन-चार म्हणजे बी जुनं किंवा ओल लागलेलं.

नावाच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई आपल्या उन्हात दीड-दोन महिन्यांत उडते. प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्या आणि ट्रेचा नकाशा वहीत काढा, कारण पट्ट्या पडतात, मुलं खेळतात, मांजर ट्रे उलटवते. पुनर्लागवडीच्या वेळी एकेक वाण पूर्ण लावून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. रोपांची अदलाबदल याच तासाभरात होते.

शेजारी ओळखीचं एक सरळ वाण लावा, उदाहरणार्थ पुसा रुबी किंवा अर्का विकास, कृषी संस्थेच्या विक्री केंद्रातून घेतलेलं. खत, पाणी, कुंडी सगळं सारखं. या तुलनेच्या झाडाचीही पानं मुरडली किंवा फळं फिकी पडली तर दोष बियाण्याचा नाही, हवामानाचा किंवा रोगाचा आहे.

परदेशी हेअरलूममध्ये आपल्याकडच्या पर्णगुच्छ विषाणूला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, आणि ३५ अंशांवर फूल गळतं. त्यामुळे हंगाम चुकवू नका. पुणे, नाशिक, नगर या भागांत ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, मुंबई-कोकणात पावसाची झड संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पेरा. म्हणजे फळ थंडीत येतं आणि वाणाचा खरा रंगही थंडीतच दिसतो. कुंडी किंवा ग्रोबॅग १५ ते २० लिटरच्या खाली नको.

तिसरं-चौथं पान

पेरल्यापासून चार आठवड्यांच्या आत पहिला मोठा निकाल लागतो. टोमॅटोचं साधं पान तुमच्या ओळखीचं आहे: कडा दातेरी, पानाचे लहान-मोठे तुकडे. काही हेअरलूमना मात्र बटाट्याच्या पानासारखं पान असतं, कडा सलग, गुळगुळीत, पानाचे तुकडे मोठे आणि थोडे. गुलाबी ब्रँडीवाइन त्यातलंच. खरी पानं तीन-चार झाली की हा फरक स्पष्ट दिसतो. पहिल्या एक-दोन पानांवरून ठरवू नका, ती सगळ्यांचीच सोपी असतात.

बटाट्यासारखं पान हा गुण अप्रभावी आहे. तो दिसायला आई आणि बाप दोन्हींकडून यावा लागतो. म्हणजे गुलाबी ब्रँडीवाइनच्या पाकिटातून साध्या पानाचं रोप आलं तर दोनच शक्यता: भलतंच बी मिसळलं, किंवा आईच्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग बसला. ते ब्रँडीवाइन नाही, फळाची वाट बघायची गरज नाही. उलट साध्या पानाच्या वाणात चारातलं एखादं रोप बटाटापानी निघत असेल तर आई संकर होती असा दाट संशय घ्यावा. इथे नाव नीट वाचा, कारण रेड ब्रँडीवाइन नावाचं वाण साध्या पानाचंच असतं. चेरोकी पर्पल, ग्रीन झेब्रा, सान मार्झानो ही तिन्ही साध्या पानांची.

ही तपासणी विषाणू लागलेल्या रोपावर करू नका. पांढरी माशी बसली, शेंडा आकसला, पान वाटीसारखं वळलं की पानाचा आकार विश्वासाचा राहत नाही.

झाडाची ठेवण

पहिला फुलांचा घोस आल्यावर त्याच्या वर मोजत जा. अमर्याद वाढणाऱ्या झाडात साधारण दर तीन पानांनंतर एक घोस येतो आणि शेंडा पुढे चालतच राहतो. झुडपी झाडात एक-दोन पानांनंतर घोस येतात आणि शेवटी शेंड्यालाच फूल येऊन वाढ थांबते. मोजताना बगलफूट काढत राहा, नाहीतर मुख्य खोड कुठलं तेच कळेनासं होतं.

या एका मोजणीने सान मार्झानोच्या नावावर खपणारं रोमा पकडलं जातं. दोन्ही लांबट, दोन्ही चटणी-सॉसची, फोटोत जवळजवळ सारखी. पण सान मार्झानो अमर्याद वाढतं, त्याला माणसाच्या उंचीची ताटी लागते. रोमा झुडपी आहे, कमरेएवढं होऊन थांबतं. तुमचं ‘सान मार्झानो’ तीन फुटांवर शेंड्याला फूल धरून थांबलं असेल तर ते सान मार्झानो नाही.

मोठ्या चिरेदार फळांच्या वाणांत पहिल्या घोसात कधीकधी दोन-तीन फुलं एकमेकांत जुळून एक जाडजूड फूल येतं. नवख्यांना तो रोग वाटतो, पण बहुकप्पी मोठ्या फळांच्या वाणांत असं होतं. चेरी टोमॅटोच्या झाडावर ते दिसलं तर मात्र पाकिटावर शंका घ्या.

फळ: साल, खांदा, काप

दिवस मोजताना पेरणीपासून मोजू नका. परदेशी वर्णनांत ‘८० दिवस’ म्हणजे पुनर्लागवडीपासून ८० दिवस. वजनावरूनही निकाल देऊ नका. जमिनीतल्या वाफ्यात ३००-४०० ग्रॅम भरणारं फळ कुंडीत त्याच्या निम्म्यावर राहू शकतं. घोसातलं पहिलं, वेडंवाकडं फळ सोडा आणि दुसऱ्या घोसातली दोन-तीन फळं तपासायला घ्या.

कच्चं असतानाच देठाकडचा भाग, म्हणजे फळाचे खांदे, बघा. बहुतेक जुन्या मोठ्या वाणांत तो बाकी फळापेक्षा गडद हिरवा असतो. आजचे बरेचसे बाजारू संकर सगळीकडून सारखे फिकट हिरवे असतात, कारण एकसारखं पिकावं म्हणून तसेच निवडले गेले आहेत. चेरोकी पर्पलच्या सहा झाडांवर एकाही फळाला गडद खांदा नसेल तर सावध व्हा.

मग साल. नवख्यांनी आवर्जून शिकावी अशी ही तपासणी आहे आणि तिला घरातलं एक भांडं पुरतं. पूर्ण पिकलेल्या फळाच्या बुडाला सुरीने फुली मारा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून साल ओढा. सालीच्या आतला गर चमच्याच्या कडेने हलकेच खरवडा आणि ती साल उजेडासमोर धरा. साल एकतर पिवळी दिसेल किंवा काचेसारखी बिनरंगी. लाल गरावर पिवळी साल आली की फळ लाल दिसतं, बिनरंगी साल आली की गुलाबी. गुलाबी ब्रँडीवाइनची साल बिनरंगी. चेरोकी पर्पलचीही बिनरंगी, म्हणून ते मळकट गुलाबी-जांभळं दिसतं. तोच गर पिवळ्या सालीखाली असेल तर फळ चॉकलेटी-तपकिरी दिसतं. क्वचित असा बदल झाडात आपोआपही होतो: चेरोकी पर्पलचं नामकरण करणाऱ्या क्रेग लेहूलियर यांच्याच बागेत १९९५ च्या सुमारास पिवळ्या सालीचं झाड निघालं आणि त्याचं चेरोकी चॉकलेट झालं. पण तुमच्या सहाही झाडांची साल पिवळी असेल तर कारण निसर्ग नव्हे, पाकीट आहे.

शेवटी आडवा काप. सान मार्झानो, रोमा यांत दोन-तीनच कप्पे, गर जाड, रस कमी. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पलमध्ये लहान-मोठे, वेडेवाकडे पुष्कळ कप्पे. चेरोकी पर्पल पूर्ण पिकलं तरी बियांभोवतीचा रस हिरवट राहतो आणि गर विटकरी लाल दिसतो, कारण पिकताना त्यातलं हरितद्रव्य पूर्ण नाहीसं होत नाही. बाहेरून काळपट, पण आतून एकसारखं भडक लाल असेल तर ते दुसरंच काही आहे. ग्रीन झेब्रा पिकल्यावर पट्ट्यांमधली जागा पिवळसर सोनेरी होते आणि फळ बोटाला मऊ लागतं. ते कधीही लाल होत नाही.

रंगाचा निकाल एप्रिल-मेमधल्या फळावर देऊ नका. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिलं की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, लाल वाणही नारिंगी-पिवळं दिसतं. डाग-डाग, अर्धं पिवळं अर्धं लाल फळ हे तर वाणाचं लक्षण मुळीच नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘तिरंगा’ म्हणून ज्याचा गवगवा झाला, तो विषाणूंचा प्रकार होता.

सहा झाडांचा निकाल

सहाही झाडं एकमेकांसारखी, पण लेबलपेक्षा वेगळी: पाकीट भरताना नाव चुकलं, किंवा मुद्दाम दुसरं स्वस्त वाण भरलं. बियाणं मात्र शुद्ध आहे. गुण जुळवून खरं नाव शोधता येतं.

सहाही झाडं वेगवेगळी, कुणाचं फळ लांबट, कुणाचं गोल, कुणी झुडपी, कुणी उंच: संकराच्या फळातलं बी काढून विकलं आहे, किंवा निरनिराळी बियाणी एकत्र भरली आहेत. हे बी पुढे धरण्यात अर्थ नाही.

पाच बरोबर, एक वेगळं: बी धरणाऱ्याच्या शेतात परपरागण झालं किंवा एखादं बी मिसळलं. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच फळतं, पण भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या फुलाला लटकून गुंजारव करत पराग झाडतात आणि पुढच्या झाडावर नेतात. जिथे कुक्षी, म्हणजे पराग चिकटतो तो फुलातला शेंडा, परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते, अशा वाणांत हे जास्त होतं. अशा एका झाडासाठी विक्रेत्याला फसवा म्हणू नका. त्याला फोटोसकट कळवा, चांगला विक्रेता आभार मानतो आणि तो लॉट तपासतो.

पहिल्या दोन प्रकारांत मात्र तक्रार करा. पाकीट, बिल, विक्रीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, पान-घोस-साल-काप यांचे फोटो आणि तुलनेच्या झाडाचा फोटो, एवढं जोडून आधी विक्रेत्याला आणि ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग. पाकिटावर उत्पादकाचा पत्ताच नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडेही लेखी द्या. विक्रीसाठी परवाना लागतो आणि तो तपासणं त्यांच्या कक्षेतलं आहे. रक्कम ८०-१०० रुपयांची असते म्हणून बहुतेक जण सोडून देतात, आणि तेच पाकीट पुढच्या हंगामात पुन्हा विकलं जातं.

बी धरायचं असेल तर

लेबलशी जुळलेल्या झाडावरच्या एका घोसाला, कळ्या उमलण्याआधी, भेटवस्तूंची जाळीदार ऑर्गंझा पिशवी बांधा. रोज सकाळी देठाला दोन टिचक्या मारा. फळ वाटाण्याएवढं झालं की पिशवी काढा आणि त्या घोसाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर तोडणीच्या वेळी बाकीच्यांत मिसळेल. फळ पूर्ण पिकल्यावर बी आणि रस वाटीत काढून दोन दिवस झाकून आंबवा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, जास्त ठेवलं तर बी वाटीतच मोड धरतं. धुऊन स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं.

चुकीचं निघालेलं झाड चवीला छान असेल तरी त्याचं बी मूळ नावाने कुणाला देऊ नका. ‘ते चेरोकी पर्पल म्हणून घेतलं होतं’ या वाक्यातलं ‘म्हणून घेतलं होतं’ दोन हातांनंतर गळून पडतं आणि नाव तेवढं उरतं. पाकिटावर स्वतःचा सांकेतिक क्रमांक, वर्ष आणि दिसलेले गुण लिहा: ‘ट-३, २०२५, साधं पान, अमर्याद, पिवळी साल, तीन कप्पे’. एवढी ओळ असली की पुढच्या माणसाला पडताळणी चौथ्या पानापासूनच सुरू करता येते.